रसिकहो, आग लागली आहे

सोमवार, ३

आजपासून मी या सभागृहाचा सुरक्षा अधिकारी. परवापर्यंत तिकीट खिडकीच्या काचेमागे बसून "मधल्या रांगा संपल्या" एवढंच म्हणत होतो, तेही काचेला पाडलेल्या भोकातून. अग्निसुरक्षेच्या प्रशिक्षणाला कुणाला तरी पाठवायचं होतं, बाकीच्यांनी अंग काढून घेतलं, म्हणून मी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी जरा बाहेर आवाजाचे व्यायाम करत होतो, तेवढा एक तास बुडाला. बाकी सगळं तोंडपाठ आहे.

सभागृहाची डागडुजी संपत आलीय. छताला ठिकठिकाणी पांढऱ्या बशा उपड्या चिकटवल्यात. त्यांना डिटेक्टर म्हणायचं. धूर आला की या बशांना कळतं, पॅनेलवर लाल दिवा लागतो, मग भोंगा वाजतो आणि भोंग्यानंतर सगळ्या सभागृहात घोषणा होते. कंपनीने पाठवलेली घोषणा ऐकली. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. मी व्यवस्थापक साहेबांना म्हटलं, "साहेब, ही घोषणा मी करतो." साहेब फोनवर होते. म्हणाले, "करा, करा, तुमचा आवाज बरा आहे."

बरा! तरुणपणी नाटकात घ्या म्हणून कुणाकुणाचे उंबरठे झिजवले. सगळे म्हणायचे, "आवाज काय छान आहे हो!" आणि पडदा ओढायला लावायचे. या सभागृहात माझा आवाज एकदा तरी शेवटच्या रांगेपर्यंत जावा, आयुष्यात एवढी एकच इच्छा उरलीय. आग लागली तरच जाणार, हे खरं. पण आग काय, कधी ना कधी लागतेच.

घरी येऊन ताईला सांगितलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. बसमध्ये कंडक्टर होती, आता रिटायर झाली. आम्ही दोघंच राहतो. नोकरी गेली तरी तिकिटाचा लोखंडी पंच तिच्या हातातून गेला नाही. मी बोलत असलो की ती तो टेबलावर आपटते. एकदा टक् म्हणजे थांब, दोनदा टक् टक् म्हणजे जाऊ दे पुढे. बसच्या घंटीचाच नियम. इतक्या वर्षांत मला डबल बेल कधी मिळालेली नाही.

आजही "ताई, मी घोषणा..." एवढं म्हटलं आणि टक्.

बुधवार, ५

घोषणेचा मसुदा लिहायला घेतला. भोंगा वाजल्यावर एकदम "बाहेर पडा" म्हणायचं, म्हणजे जेवायला बसलेल्या पाहुण्याला ताटावरून उठवल्यासारखं. भाषेला काही अदब असते की नाही? तर सुरुवात अशी:

"नमस्कार रसिकहो. कलेच्या या मंदिरात आपले मनःपूर्वक स्वागत. सुखदुःख हे जीवनाचे दोन किनारे आहेत. आज आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, आग लागली आहे."

"खेद" नंतर मोठा विराम. तिथे काळजाला हात घातला पाहिजे.

ताईला वाचून दाखवलं. "नमस्कार"लाच टक्. म्हणाली, "अरे, तोवर पुढच्या दोन रांगा भाजून निघतील." तिचं आयुष्य "पुढे सरका"मध्ये गेलं, तिला विराम काय कळणार? शिवाय थोडा मत्सरही असावा. माणसाने स्पष्ट लिहावं.

शुक्रवार, ७

मला केबिन मिळाली! मागच्या पॅसेजमध्ये आहे, लाईटच्या सामानाची खोली आणि रंगभूषेची खोली यांच्या मधोमध. खिडकी नाही, पण दारावर पद आहे.

घोषणा रोज रेकॉर्ड करून ऐकतो. घसा खरखरतोय. म्हणून आजपासून वाफारा सुरू केला. विजेची शेगडी, त्यावर पातेलं, पाण्यात निलगिरीचं तेल, डोक्यावरून आपला पिवळा टॉवेल. मोठमोठे गायक हेच करतात म्हणे. वाफ अशी कोंदते की केबिनमध्ये स्वतःचा हात दिसत नाही. मग दार थोडं उघडलं की मोकळं वाटतं.

आणि पहिल्याच दिवशी परीक्षा! मी टॉवेलखाली "खेद, खेद" म्हणत होतो, तोच भोंगा. तसाच धावलो. पॅनेलवर "मागचा पॅसेज" दिसत होतं. पॅनेल नुसता भाग सांगतं, कुठली बशी ते सांगत नाही. पॅसेजमध्ये आग नाही, धूर नाही. फक्त एक माणूस छताकडे बघत उभा. लाईटवाला. हा इतका उंच आहे की बल्ब बदलायला त्याला शिडी लागत नाही. सगळे त्याला उंट म्हणतात, तोही ओ देतो.

"काय करत होतात?" मी विचारलं.

"भोंगा वाजला म्हणून आलो."

चोराच्या मनात चांदणं! मी विचारायचा अवकाश, उत्तर तयार.

शनिवार, ८

दोन वाफारे घेतले, आवाज मधासारखा झालाय. दोनदा अलार्म वाजला. दोन्ही वेळा उंट पॅसेजमध्येच. आता शंकाच नको. हा माणूस सामानाच्या खोलीत लपून सिगरेट ओढतो.

मंगळवार, ११

आज त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. वाफारा आटोपता घेतला, अलार्म झालाच, आणि पॅसेजमध्ये जाऊन आधी उंटाचा वास घेतला. त्यासाठी खुर्चीवर चढावं लागलं. सिगरेटचा वास नाही, पण निलगिरीचा घमघमाट! त्याच्या शर्टाला निलगिरी, पॅसेजला निलगिरी, अगदी माझ्या बाहीलाही निलगिरी. सिगरेटचा वास मारायला हा माणूस सगळीकडे निलगिरी शिंपडत फिरतो.

"मी सिगरेट ओढत नाही हो," तो म्हणाला. "मला दमा आहे." खिशातून पंप काढून दाखवला.

दमा असून सिगरेट! किती हा निर्ढावलेपणा!

साहेबांच्या कानावर घातलं. साहेब आधीच टेकीला आलेत. उद्घाटन या महिन्याच्या शेवटी, अग्निशमन दलाचं प्रमाणपत्र अजून हातात नाही, आणि अलार्म ऊठसूट बोंबलतोय. म्हणाले, "आणखी एकदा वाजला की उंटाला घरी पाठवतो. उद्घाटनाला दुसरा लाईटवाला आणू."

एवढं मात्र मला नको होतं. उंट इथे माझ्याही आधीपासून आहे. मी पडदा ओढायचो तेव्हा हाच वरून खूण करायचा. पण कर्तव्य ते कर्तव्य.

गुरुवार, १३

दोन दिवस घसा बरा होता म्हणून वाफारा घेतला नाही. अलार्मही वाजला नाही. धाकाचा परिणाम. उंट सुधारला.

रात्री जेवताना ताईला हे सगळं अभिमानाने सांगितलं. तिने हातातला घास खाली ठेवला. "अरे, तू त्या कोंदट खोलीत पातेलंभर पाणी उकळतोस, त्याचं काय?"

मी हसलो. "ताई, ते धुराचे डिटेक्टर आहेत. वाफेचे वेगळे असतात." (असतील. बुडालेल्या तासात असेल.)

"आणि ती घोषणा ऐकून लोकांनी उठायचंय की बसायचंय?"

मी आमटी वाढून घेतली. काही प्रश्नांना उत्तर न देणं हेच उत्तर असतं.

शनिवार, १५

घोषणेची तालीम झाली, दणदणीत यश! सगळ्या कर्मचाऱ्यांना खुर्च्यांत बसवलं, भोंगा हाताने वाजवला आणि रेकॉर्ड केलेली घोषणा लावली. कुणी जागचं हललं नाही. कुणी घाबरलं नाही, धावलं नाही, ढकलाढकली नाही. "सुखदुःख हे दोन किनारे" ला झाडूवाल्या मावशींनी डोळे पुसले. शेवटी टाळ्या पडल्या. साहेबही म्हणाले, "वा!"

भोंग्याचीही आता सगळ्यांना सवय झालीय. वाजला तरी हातातला चहाचा कप कुणी खाली ठेवत नाही. याला म्हणतात धीर.

फक्त उंट तेवढा उठून दाराकडे गेला. टाळीही वाजवली नाही. मनात राग असणार.

सोमवार, १७

अग्निशमन दलाच्या तपासनीस बाई येऊन गेल्या. बुटक्या, शांत, केसांचा घट्ट अंबाडा. बोलतात कमी, बघतात फार. प्रत्येक दार स्वतः ढकलून पाहिलं. एका दाराला सुतारांनी रंगाचे डबे टेकवून ठेवले होते, त्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मला उगाच शाळेत असल्यासारखं झालं.

येत्या रविवारी नाटकाची रंगीत तालीम आहे, सभागृह भरलेलं असेल. कर्मचाऱ्यांच्या घरचे, शेजारचे, सगळे. मध्यंतरानंतर कुठल्याही क्षणी बाई बटण दाबणार. ठरलेल्या वेळात सभागृह रिकामं झालं नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर उद्घाटनही नाही.

मी विचारलं, "घोषणा पूर्ण ऐकणार ना आपण?"

"केवढी आहे?"

"मनाला भिडेल एवढी."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. चेहऱ्यावरून प्रभावित वाटल्या.

शुक्रवार, २१

झोप लागत नाही. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. चांगलं आहे, पण त्यात जीव नाही. मसाल्याशिवाय भाजी. ठरवलं, रविवारी रेकॉर्डिंग बंद ठेवून मी स्वतः विंगेत उभा राहून माईकवर बोलणार. भरलेलं सभागृह, आणि मी! साहेबांना सांगितलं नाही. त्यांना आधीच ताप आहे.

ताईला पुढून तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची दिलीय. एकदा स्वतःच्या कानांनी तिला ऐकू दे.

रविवार, २३

झालं ते क्रमाने लिहितो.

नाटक सुरू झालं. सभागृह गच्च. पहिला अंक रंगला होता, मध्यंतराला वेळ होता, म्हणून म्हटलं शेवटचा एक वाफारा घेऊन टाकू. तेल जरा सढळ हाताने ओतलं. टॉवेलखाली डोकं घालून "नमस्कार रसिकहो"चा सूर लावतो, तोच भोंगा.

बाईंनी बटण आधीच दाबलं! माझी अशी तारांबळ उडाली की सांगता सोय नाही. टॉवेल भिरकावला, माईक उचलला आणि धावत विंगेत गेलो. नाटक थांबलं होतं. लोक इकडेतिकडे बघत होते. काही खुर्च्यांतून अर्धवट उठलेही होते.

मी श्वास घेतला. "नमस्कार, रसिकहो."

उठलेले लोक खाली बसले.

खरं सांगतो, आयुष्यात एवढं सुख कधी मिळालं नव्हतं. माझाच आवाज पार बाल्कनीच्या टोकाला जाऊन परत येत होता. "कलेच्या या मंदिरात..." पान हलत नव्हतं. "सुखदुःख हे जीवनाचे दोन किनारे आहेत..." एका आजोबांनी "वा" म्हटलं. मी "खेद"पर्यंत आलो आणि विराम घेतला.

तेवढ्यात उंट धापा टाकत आला. "अहो, तुमच्या केबिनमधून धूर येतोय!"

मी हाताने त्याला थांबवलं. विराम चालू होता.

"अहो, खरा धूर! टॉवेल शेगडीवर पडलाय तुमचा!"

माईक चालूच होता. हे सगळं लोकांनी ऐकलं, त्यांना ते नाटकातलंच वाटलं, आणि सगळं सभागृह हसून टाळ्या वाजवायला लागलं. पॅसेजच्या बाजूने करपट वास आला. त्या कुठल्याशा दोन किनाऱ्यांच्या मध्ये मी उभा, तोंड उघडं, आणि शब्द एक सुचेना. समोर एवढी माणसं, पोरंबाळं, हसत बसलेली. माझ्यामुळे बसलेली.

तेव्हा टक् टक् झालं. तिसऱ्या रांगेत ताई उभी राहिली होती. खुर्चीच्या दांडीवर पंच आपटून ती ओरडली, आणि तिला माईकची गरज लागली नाही.

"चला, उठा! शेवटचा थांबा! सगळे उतरा! डावीकडच्यांनी डावं दार, उजवीकडच्यांनी उजवं! पिशव्या राहू देत, पोरं उचला! ओ चष्मेवाले, मागे काय बघताय, पुढे सरका! दारात थांबू नका, मागे माणसं आहेत!"

आणि अख्खं सभागृह उठलं. कुणी विचारलं नाही की तुम्ही कोण. "वा" म्हणणारे आजोबासुद्धा काठी टेकत निघाले. ताई मधल्या वाटेत उभी राहून एकेकाला पुढे काढत होती, आणि नाटकातला राजा मुकुट सांभाळत तिच्यासमोरून गेला तेव्हा त्यालाही म्हणाली, "चला, चला, राजे, गर्दी करू नका."

मी शेवटी बाहेर पडलो. तेही तिने दंडाला धरून काढलं म्हणून.

अंगणात बाई उभ्या होत्या, हातात घड्याळ. म्हणाल्या, "मी बटण दाबलंच नव्हतं."

मग उंट बाहेर आला. आग विझवायच्या नळकांड्यातल्या पावडरने नखशिखांत पांढरा, एका हातात दम्याचा पंप, दुसऱ्या हातात काठीवर लटकवलेला माझा पिवळा टॉवेल, अर्धा काळा. वारा आला आणि सगळ्या अंगणभर निलगिरीचा वास पसरला.

साहेबांनी टॉवेलकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई शांतपणे म्हणाल्या, "दाट वाफ असली तरी हे डिटेक्टर वाजतात. धूर आणि वाफ त्यांना वेगळी कळत नाही. प्रशिक्षणात दुसऱ्या दिवशी दुपारी सांगतात."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण ती बाईंनी तपासून पास केलेली फरशी होती.

निकाल असा: डिटेक्टर उत्तम. सभागृह ठरलेल्या वेळेच्या आत रिकामं झालं, "त्या ताईंमुळे." प्रमाणपत्र मिळणार, पण दोन अटींवर. केबिनमध्ये शेगडी नको. आणि घोषणा त्या ताईंच्या आवाजात.

घरी येऊन रडलो. लिहायला लाज कसली, कोण वाचणार आहे? घोषणा हातची गेली याचं वाईट वाटलंच. पण ती माणसं मी बसवून ठेवली होती, हे डोळ्यांपुढून जात नाही. ताईने पंच खिशात ठेवला आणि ताट वाढलं. एकदा टक् केलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवार, २५

उंटाची माफी मागितली. आज खुर्चीवर न चढता, मान वर करून. "मी तुमच्यावर आळ घेतला. तुमची नोकरी जाणार होती."

"जाणार होती खरी," तो म्हणाला. "बायको दोन दिवस जेवली नाही." एवढंच बोलून तारा गुंडाळत राहिला. मीही दुसऱ्या टोकाने तार गुंडाळायला लागलो. मी उलटी गुंडाळत होतो, ती त्याने सुलटी केली.

दुपारी ताईचं रेकॉर्डिंग झालं. लिहिलेला कागद तिने बाजूला ठेवला आणि म्हणाली: "उठा. आग आहे. दारं दोन्ही बाजूंना आहेत. सामान राहू दे. चला, चला." खोलीत मी, साहेब आणि उंट होतो. तिघंही उठून उभे राहिलो.

साहेब म्हणाले, "सुरुवातीला 'कृपया' घालूया का?"

"बसला आग लागल्यावर कृपया म्हणतात का?" ताई म्हणाली. विषय संपला.

निघताना उंट साहेबांना म्हणाला, "यांचा आवाज ऐकला की उठलेला माणूस खाली बसतो. मग बसवायलाच वापरा ना. पडदा उघडायच्या आधी लोक काही केल्या बसत नाहीत." साहेब "बघू" म्हणाले. म्हणजे हो.

रविवार, ३०

काल उद्घाटन झालं.

निवेदन चार पानी लिहिलं होतं. संध्याकाळी ताईने ते बघितलं आणि नुसता पंच टेबलावर ठेवला. मी स्वतःच तीन पानं फाडली. मग चौथंही.

पडदा बंद, मी विंगेत माईक घेऊन. बाहेर मंडईसारखा गोंगाट, निम्मे लोक उभे, खुर्च्यांवरून एकमेकांना हाका मारतायत. वाफारा नाही, हातात कागदही नाही. तेवढ्यात वरून एक मंद दिवा माझ्यावर पडला. मला असा दिवा ठरलेला नव्हता. वर बघितलं तर उंट नेहमीसारखा खूण करत होता, पडदा ओढायच्या वेळी करायचा तशी. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि पडद्याच्या बाहेर आलो.

"नमस्कार, रसिकहो," मी म्हटलं. "बाहेर पडायची दारं दोन्ही बाजूंना आहेत. आत्ताच बघून ठेवा. कधी वेळ आलीच तर माझी ताई सांगेल, तिचं लगेच ऐका. तोवर फोन बंद करा आणि माझं ऐका. बसा."

लोक हसले, दारांकडे बघितलं आणि बसले. शेवटच्या रांगेपर्यंत सगळे. मग सभागृह असं शांत झालं की माझाच श्वास मला ऐकू आला.

आता टक् होणार म्हणून मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

टक् टक्.

ताई पंच हातात घेऊन माझ्याकडेच बघत होती, डोळे भरलेले. जाऊ दे पुढे. आयुष्यात पहिल्यांदा डबल बेल मिळाली, आणि नेमकं तेव्हा माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं.